आधी शिक्का, मग अक्षता

रेगेन्सबर्ग,
२१ जून २०१५

ती. आत्या,
साष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "आवाज का रे असा?" आणि मी सर्दी झाल्याचं सांगितलं. सर्दीबिर्दी काही नाही. तब्येतपाणी फोनवर आणि महत्त्वाचं पत्रात, हा तुझाच नियम. म्हणून लिहितोय.

मला लग्न करायचंय. मुलगी मी बघितलीय. बस आता खाली, आणि पाणी पी.

तिचं नाव शमिका. चिपळूणची, वडील तिथे शाळेत गणित शिकवतात. ती म्युनिकजवळ गार्चिंगला एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करतेय, पुढच्या वर्षी संपेल. शनिवारी मी गाडीने तिकडे जातो, नाहीतर ती इकडे येते. भांडखोर आहे, तुझं नि तिचं छान जमेल. दिवाळीत आम्ही दोघं येणार आहोत, तेव्हाच उरकून टाकावं असं आमच्या मनात आहे.

दुसरं म्हणजे इथे कायम राहण्याच्या माझ्या परवान्याचं. त्याला इथे नीडरलासुंग्ज-एरलाउब्निस म्हणतात. सध्या माझ्याकडे आहे ते ब्लू कार्ड. कंपनीने नोकरी दिली म्हणून ते मिळालं, सोबतच्या कागदावर नावही कंपनीचंच. नोकरी गेली की तीन महिन्यांत दुसरी शोधा, नाहीतर चालू लागा. कायमचा परवाना मिळाला की हे दावं सुटतं, मग नोकरी गेली तरी देशातून कुणी हाकलत नाही. जर्मनच्या परीक्षेत पास झालो असतो तर याच उन्हाळ्यात मिळाला असता. पण तोंडी परीक्षेत माझी दातखीळ बसली. ऑफिसात सगळं इंग्रजीत, घरी मी एकटा, जर्मन बोलू कुणाशी? त्या परीक्षेवाचून नोकरीचे जास्त महिने भरावे लागतात, म्हणून आता पुढच्या जुलैत. अर्जाला कंपनीचं पत्र लागतं, आणि आमचे ब्रांडलसाहेब सगळ्यांदेखत म्हणालेत, "तुझ्या पत्रावर मी स्वतः सही करीन." त्यामुळे तो घोर नाही.

तू शमिकाच्या आईबाबांशी बोल. आई-बाबा गेल्यापासून माझं सगळं तूच केलंस, हेही तूच करायचंस.

तुझा,
सत्या

---

नाशिक,
१६ जुलै २०१५

चि. सत्या,
आशीर्वाद आहेतच. आता बोलणी ऐक.

"पाणी पी" म्हणे! जन्मभर लोकांची लग्नं जमवली मी. वधूवर केंद्र चालवणाऱ्या बाईच्याच घरातला मुलगा आपलं आपण जमवून बसला, हे गल्लीत कळलं तर दारावरची पाटी मलाच उतरवावी लागेल. असो. फोटो पाठव. भांडखोर आहे हे आधी लिहिलंस आणि दिसायला कशी हे लिहिलंच नाहीस, यावरून काय ते समजले.

पण दिवाळीत नाही. परवा मंगळवारी गुरू सिंहेत गेला, रामकुंडावर ध्वज लागला. सिंहस्थ सुरू झाला, आणि आपल्या घरात सिंहस्थात लग्न करत नाहीत. माझं स्वतःचं लग्न तुझ्या आजोबांनी ह्याच पायी वर्षभर अडवून धरलं होतं. गुरू बाहेर पडतो पुढच्या ऑगस्टात. तोवर तुझा तो परवानाही हातात येईल. त्याचं जर्मन नाव वाचताना माझी कवळी निसटली. मी आपली 'पक्का शिक्का' म्हणणार.

आणि व्यवहाराचं सांगते. हल्ली मुलींच्या आया गोत्र मागाहून विचारतात, आधी विचारतात, "मुलगा तिकडे पक्का आहे का?" परदेशातल्या मुलांची माझी निळी फाइल आहे, तिच्यात पक्के पुढे, कच्चे मागे. तू मागे बसणार नाहीस. "बिनआईबापाचा, आत्याने वाढवलेला" असं तुला लोक म्हणायचे ते मी ह्या कानांनी ऐकलंय. तू बोहल्यावर उभा राहशील तेव्हा एकाची जीभ उचलता कामा नये. म्हणून आधी शिक्का, मग अक्षता.

चिपळूणकरांशी मी बोलते. तू मध्ये लुडबुडू नकोस. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग!

तुझी,
कुंदाआत्या

---

रेगेन्सबर्ग,
४ ऑक्टोबर २०१५

ती. आत्या,
साष्टांग नमस्कार.

बरं बाई, थांबतो. शमिकाला सांगितलं तर ती आधी हसली आणि मग भडकली. म्हणाली, "सिंहस्थाचा निषेध गंगा आणि गोदावरीच्या मधल्या मुलखाला असतो, असं माझे बाबा सांगतात. तुझं रेगेन्सबर्ग डॅन्यूबकाठी आहे. ती गोदावरीच्या कुठल्या अंगाला येते ते विचार तुझ्या आत्याला." विचारलं हं. रागावू नकोस.

तिचं म्हणणं, इथल्या स्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे नोंदणी कचेरीत, जाऊन सह्या करून टाकू, मांडव काय तो नंतर घालू. मी नाही म्हटलं. तुला डावलून सही करायला माझा हात उचलणार नाही. त्यावर दोन शनिवार ती आलीच नाही. तू चिपळूणला बोललीस ना? तिला घरून काहीच कळलेलं नाही.

एक काम आहे. माझ्यासमोर विष्णू म्हणून एकजण बसतो, जालन्याचा. काम माझंच, वय माझ्याएवढंच, माझ्यामागून तीन महिन्यांनी लागला. सज्जन आहे पण एकटेपणाला फार कंटाळलाय. दर सोमवारी विचारतो, "तुझी आत्या माझ्यासाठी बघेल का रे?" तुझा नंबर दिलाय. बघ जमलं तर.

तुझा,
सत्या

---

नाशिक,
२८ ऑक्टोबर २०१५

चि. सत्या,
दिवाळीचे आशीर्वाद.

फराळ कुरिअरने धाडलाय. चकल्या मोडल्या तर मला सांगू नकोस. तुझ्या शमिकेला सांग, नदी कुठलीही असो, घर नाशिकचं आहे.

चिपळूणला बोलले. त्यांनाही घाई नाही. विष्णूचा फोन आला होता, पोरगा बरा वाटला. बघते त्याचं. तू त्या जुलैवरचं लक्ष हलवू नकोस.

तुझी,
कुंदाआत्या

---

रेगेन्सबर्ग,
१७ जानेवारी २०१६

ती. आत्या,
नमस्कार.

विष्णू नाताळच्या सुट्टीत घरी गेला आणि लग्न करून आला. ऑफिसात बेसनाचे लाडू वाटले. मी विचारलं, कुणी जमवलं? तर म्हणतो, "कमाल करतोस, तुझ्या आत्यांनी!" मुलगी ऋचा, सिन्नरची. मार्गशीर्षात, नाशकातच, तुझ्या ओळखीच्या कार्यालयात. मंगलाष्टकांना तू पुढे उभी होतीस, फोटोत दिसतेस, जांभळी पैठणी.

अगं, मग सिंहस्थाचं काय झालं? की गुरू फक्त माझ्यापुरता सिंहेत गेलाय?

आणि शमिकाचे बाबा म्हणतात, तुझा एकदाच फोन आला, त्यात तू म्हणालीस, "मुलाचं पक्कं झालं की बघू." हे बोलणं झालं? मला खरं काय ते लिही. लाडू मी खाल्ला नाही, रुमालात बांधून घरी आणला. तो अजून तसाच पडलाय.

सत्या

---

नाशिक,
५ फेब्रुवारी २०१६

चि. सत्या,
आशीर्वाद, आणि आवाज चढवून बोलायचं नाही.

हो, लावलं लग्न. गुरुजींना विचारलं तर वाट निघते, पंचांगवाले सिंहस्थातही मुहूर्त देतात. त्या दोन्ही घरी मानत नाहीत. आणि विष्णूचं काय रे? कच्चा मुलगा, माझ्या फाइलच्या मागच्या पानावरचा. मुलीचे वडील एसटीत कंडक्टर. दोन्हीकडे घाई होती, आहे त्या भावात उरकून दिलं. तुझं तसं नाही. तू माझ्या फाइलचं पहिलं पान आहेस.

आता खरं हवंय ना, तर घे. गंगापूर रोडचे एक बिल्डर तुझा फोटो घेऊन गेलेत. मुलगी एमबीए, एकुलती एक. मी त्यांना नाही म्हटलं नाही, "जुलैनंतर बोलू" म्हटलं. चिपळूणच्या मास्तरांनाही तेच सांगितलं. दोघांना एकच उत्तर दिलं, यात खोटं कुठे बोलले? आपलं नाणं खणखणीत झालं की मग निवडावं, दोन्ही दारं उघडी असावीत. लग्न एकदाच होतं रे राजा. आज चिडशील, पण पुढच्या वर्षी माझे पाय धरशील.

तुझी,
कुंदाआत्या

---

रेगेन्सबर्ग,
१ मे २०१६

आत्या,
नमस्कार.

उत्तराला उशीर झाला.

शमिका स्वीडनला चाललीय, उप्सालाला. गार्चिंगलाही तिला वर्षभर मुदत वाढवून मिळत होती, तिने नको म्हटलं. तुझ्या फोनचं तिच्या बाबांनी तिला सांगितलं. बिल्डरचं मी सांगितलं, कारण लपवायचा कंटाळा आला. ती एवढंच म्हणाली, "तुझा भाव चढेपर्यंत मी रांगेत उभी राहू का?" मी तुझी बाजू घ्यायला गेलो, तर ती म्हणाली, "आत्याचं सोड. दर शनिवारी इथे तू येत होतास."

तिचं सामान बांधायला गेलो होतो. प्रेशर कुकर मला देऊन गेली.

ऑफिसात सगळं ठीक आहे.

सत्या

---

नाशिक,
१२ जुलै २०१६

चि. सत्या,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं मे महिन्यातलं पत्र देवघरात ठेवलंय. जाता येता दिसतं आणि जीव खातं. त्या बिल्डरला मी नाही सांगून टाकलं. काय मेली ती बिल्डरची मुलगी! माझा मुलगा झुरत असेल तर मला काय करायचाय तो गंगापूर रोड. शमिका तर शमिका. शनिवारी मी चिपळूणला जाणार आहे. मास्तरांचे पाय धरायची वेळ आली तर धरीन, त्यात कमीपणा नाही. मुलगी स्वीडनला गेली म्हणजे चंद्रावर नाही ना गेली?

जुलै उजाडला रे! शिक्का झाला का? महिनाभर रोज फोनकडे बघते. रविवारी विचारलं की "होईल, होईल" म्हणतोस. गुरू अकरा ऑगस्टला सिंहेतून बाहेर पडतो, तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांना कार्यालय बोलून ठेवलंय. तुझ्या त्या ब्रांडलसाहेबाच्या मिसेससाठी पैठणीची पर्स घेतलीय. त्याने सही केली की दे.

वाट बघते.

तुझी,
कुंदाआत्या

---

रेगेन्सबर्ग,
३१ जुलै २०१६

आत्या,

ब्रांडलसाहेबांनी सही केली. शब्द पाळला त्यांनी. पर्स पाठवू नकोस.

आता नीट सांगतो, मध्ये बोलू नकोस. फेब्रुवारीत आमचं मोठं काम दुसऱ्या कंपनीकडे गेलं आणि आमच्या विभागातली माणसं कमी करायचं ठरलं. इथे साहेबाला वाटेल त्याला काढता येत नाही. कामगारांच्या कमिटीसमोर हिशोब मांडावा लागतो. वय किती, नोकरी किती, आणि पाठीमागे कोण आहे. ज्याच्यावर संसार जास्त तो राहतो, ज्याच्यावर कमी तो जातो. न्यायाचंच आहे, मलाही ते आवडलं होतं आधी.

मार्चमध्ये सगळ्यांकडून माहिती मागवली. बायको? नाही. मुलं? नाही. खाली थोडी जागा होती, तिथे मी तुझं नाव लिहिलं. 'मला वाढवणारी आत्या, माझ्यावर अवलंबून.' कचेरीतल्या लिंडनरबाईंनी मला बोलावून घेतलं. फार चांगली बाई. म्हणाली, "हे छान आहे, पण आत्या यात धरत नाहीत. फक्त नवरा-बायको आणि मुलं."

विष्णूचं आणि माझं काम एक, वय एक. मी तीन महिन्यांनी जुना. तीन महिन्यांचं वजन ते किती, आणि ऋचाचं किती! दोघांतला एकच राहणार होता. तो राहिला. एप्रिल संपताना मला नोटीस मिळाली, आज माझा शेवटचा दिवस. "ऑफिसात सगळं ठीक आहे" असं तुला लिहिलं तेव्हा नोटीस खिशात होती.

तरी जुलैत अर्ज घेऊन गेलो. वाटलं, पगार चालू आहे, दिवसही भरलेत, कोण जाणे. कंपनीच्या पत्रात एक प्रश्न असतो, या माणसाला नोटीस दिली आहे का? ब्रांडलसाहेबांनी 'हो'वर खूण केली आणि खाली सही केली. परदेशी लोकांच्या कचेरीतल्या बाईने ते वाचून पत्र माझ्याकडे सरकवलं. भांडलीसुद्धा नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

लग्न झालं असतं तर मी राहिलो असतो, आत्या. दिवाळीत, नाहीतर त्या नोंदणी कचेरीत, कुठेही. शमिकाही राहिली असती. शिक्क्यासाठी लग्न थांबवलंस आणि लग्न नव्हतं म्हणून शिक्का गेला. वर तू विष्णूला बायको दिलीस आणि माझी खुर्ची दिलीस. त्याचा काही दोष नाही. पत्ता मीच दिला होता तुझा.

मला तुझा राग आलाय. फार आलाय. तो मला फोनवर सांगता आला नाही.

सत्या

---

नाशिक,
२२ ऑगस्ट २०१६

चि. सत्या,
आशीर्वाद लिहिताना हात अडला, पण लिहिते. घेणं न घेणं तुझ्याकडे.

मी चुकले. हे वाक्य मी तुझ्या आतोबांनासुद्धा कधी म्हटलं नव्हतं. तुझं पत्र वाचून दोन दिवस केंद्र बंद ठेवलं. 'आत्या यात धरत नाहीत' हे डोळ्यांसमोरून जात नाही. तू माझं नाव लिहिलंस रे तिथे, आणि मी इथे तुला फाइलीत लावत बसले.

चिपळूणला जाऊन आले होते. मास्तरांनी कोकम सरबत दिलं, बसायला चांगली खुर्ची दिली. म्हणाले, "तुम्ही 'बघू' म्हणालात ना, त्या दिवशीच आम्ही बघणं सोडलं." पाय धरायची संधीसुद्धा दिली नाही.

आता तुला एक सांगते, म्हणजे थोडं बरं वाटेल. परवा एक आई आली होती, मुलगा ऑस्ट्रेलियाला. म्हणाली, "शिक्का व्हायचाय, तोवर थांबू का?" मी म्हटलं, बाई गं, मुळीच थांबू नकोस, आधी अक्षता टाक. तिला तुझी हकीकत सांगितली, नाव न घेता. तिला पटली. आता मी सगळ्यांना सांगते. श्रावणातच दोन लग्नं ठरली त्यावर. तुझं नुकसान झालं ते झालं, पण चार जणांच्या उपयोगी तरी पडतंय.

नोकरी शोध. नाहीच जमलं तर घरी ये. सातपूरच्या कारखान्यांत ओळखी आहेत. तुझी खोली झाडून ठेवलीय.

तुझी,
आत्या

---

रेगेन्सबर्ग,
२३ ऑक्टोबर २०१६

आत्या,

नोकरी नाही जमली. दोन ठिकाणी मुलाखतीला बोलावलं, पण पहिल्या पाच मिनिटांत बोलणं जर्मनवर गेलं आणि माझी पुन्हा दातखीळ बसली. मुदत संपतेय, आवराआवरीला कचेरीने थोडे दिवस वर दिलेत. दहा नोव्हेंबरला निघतो. कुकर विष्णूला दिला.

त्याला परवा पक्का शिक्का मिळाला. पत्र ब्रांडलसाहेबांचंच, त्या प्रश्नापुढे 'नाही'वर खूण. मला जेवायला बोलावलं होतं, ऋचाने पुरणपोळ्या केल्या होत्या. तिला सहावा महिना आहे. निघताना तिने तुझ्यासाठी साडी दिली, लग्न जमवणाऱ्या बाईचा मान म्हणून. म्हणाली, "कुंदाकाकूंनी घाई केली नसती तर आज आम्ही इथे नसतो." मी म्हटलं, खरंय. साडी बॅगेत घातलीय, हिरवी आहे.

माझी हकीकत लोकांना सांगतेस ते वाचलं. तुला वाटलं तसं बरं काही वाटलं नाही. पण सांग तू. फक्त नाव घेऊन सांगत जा, माझंही आणि तुझंही. नाव न घेता सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, ही दुसऱ्याच कुणाची तरी आत्या.

तुळशीच्या लग्नाला पोचतो. तू ते अंगणात लावशीलच. साडी त्या दिवशी नेस. अंतरपाट धरायला मी उभा राहीन. त्या नवऱ्याला कुणी विचारत नाही, कच्चा की पक्का.

सत्या